आजोबा दात घासत होते

पत्र असं आलं आहे:

"ताई, नमस्कार. मी ऐरोलीला राहते, ठाण्यातल्या एका लहान हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम होऊन वर्ष झालं. आठ महिने वॉर्डात काढले, गेले दोन महिने आयसीयूत, बहुतेक नाइटच. एका पहाटे साडेपाचला चार नंबरच्या आजोबांच्या मॉनिटरवर अचानक व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारी धोक्याची वेगवान लय) दिसली. मी ओरडले, क्रॅश कार्ट ओढत नेली, आरएमओ (रात्रपाळीचे डॉक्टर) सर झोपेतून धावत आले. आजोबा पलंगावर बसून दात घासत होते. तेव्हापासून सगळे मला 'व्हीटी सिस्टर' म्हणतात. पुढे दोन आठवड्यांनी दोन नंबरच्या काकूंचा रेट रात्रभर १५० होता. अंगात १०१ ताप होता, म्हणून मी चार्टवर सायनस टॅकिकार्डिया (लय नेहमीचीच, फक्त वेगवान) लिहिलं आणि कुणाला उठवलं नाही. पुन्हा हसतील, ही भीती. सकाळच्या राउंडला मोठे सर म्हणाले, हा तर फ्लटर आहे, रात्री का कळवलं नाही? ईसीजीचं पुस्तक दोनदा वाचलंय, पण पट्टी समोर आली की सगळं पुसलं जातं. आयसीयू सोडून ओपीडी मागून घेऊ का?"

सिस्टर, ओपीडीचं शेवटी बोलू. आधी तुझ्या या दोन रात्री उलगडून बघू या. एकतीस वर्षं आयसीयूत काढल्यावर सांगते, रिदम शिकवायला मला कुणी दोन केसेस निवडायला सांगितल्या असत्या, तर मी याच निवडल्या असत्या.

आजोबांपासून सुरुवात करू. दात घासताना हात एका लयीत हलतो, सेकंदाला साधारण चार-पाच वेळा. खांद्याजवळ चिकटवलेला इलेक्ट्रोड त्या हाताबरोबर ओढला जातो. मॉनिटर बिचारा कातडीवरची वीज तेवढी मोजतो. ती हृदयाची की ओढाताणीची, हे त्याला कळत नाही. सेकंदाला चार-पाच म्हणजे मिनिटाला २४० ते ३००. रुंद, उंच, एकसारख्या लाटा. व्हीटीसारखं दिसणारच! तू पहिली नाहीस आणि शेवटचीही नाहीस. डॉक्टर लोकांत याला गमतीनं 'टूथब्रश टॅकिकार्डिया' म्हणतात. पार्किन्सनच्या पेशंटचा थरथरणारा हात, थंडी वाजून भरलेली हुडहुडी, फिजिओथेरपिस्ट पाठीवर थापट्या मारते तेव्हाची पट्टी, या सगळ्यांनी आमच्या काळातही बऱ्याच जणांना पळवलं आहे.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात आधी पेशंटचा चेहरा. खरी व्हीटी असलेला माणूसही कधी कधी शुद्धीवर असतो आणि बोलतो, म्हणून नुसतं 'बोलतोय, म्हणजे ठीक' असं धरू नकोस. पण चेहऱ्याकडे बघितल्यावर हातातला ब्रश तरी दिसतो. मग नाडीवर बोट, आणि डोळे मॉनिटरवर सॅच्युरेशनच्या, म्हणजे बोटाला लावलेल्या क्लिपच्या लाटेकडे. वर २५० चा गोंधळ चाललाय आणि खाली सॅच्युरेशनची लाट संथपणे ८० नं येतेय, तर हृदय ८० नंच चाललंय. आता आजोबांनी क्लिप लावलेल्या हातानंच ब्रश धरला असेल तर तीही लाट नाचेल, म्हणून आणखी एक खूण सांगते. पट्टी छापून घे. गोंधळ सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन क्यूआरएस, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लाटा बघ. एका कोऱ्या कागदाची कड त्यांच्या टोकांखाली धरून पेन्सिलीनं खुणा कर आणि तो कागद पुढे गोंधळात सरकवत ने. आर्टिफॅक्ट, म्हणजे हालचालीची खोटी लाट असेल तर त्याच अंतरावर त्या लाटांतून मूळचे टोकदार क्यूआरएस डोकं काढताना दिसतात. गर्दीत हरवलेलं पोर जसं त्याच्या टोपीवरून सापडतं, तसं.

आणि हे नीट ऐक. तू धावलीस यात काहीही चुकलं नाही. रुंद आणि वेगवान दिसलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच धरायची, हा नियम भल्याभल्या कार्डिओलॉजिस्टनाही लागू आहे. चुकला तो फक्त क्रम. कार्टकडे जायच्या आधी नजर पलंगाकडे जायला हवी होती, बस.

माझ्या पहिल्या वर्षी मी याच्या उलट चूक केली. एक काका दर तासाला लीड, म्हणजे छातीवरच्या वायरी उपटून टाकायचे. एका रात्री त्यांच्या मॉनिटरवर वेडीवाकडी रेघ आली, मी मनात म्हटलं, पुन्हा काढलं वाटतं, आणि हातातली आयव्ही संपवून मग गेले. लीड जागेवर होत्या. व्हीएफ होती, म्हणजे हृदय नुसतं थरथरत होतं. शॉक दिला, काका परत आले, नंतर चालत घरी गेले. पण ती आयव्ही संपवायला लागलेलं अर्धं मिनिट मला आजही लांबलचक वाटतं. आमच्या इन्चार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तू आधी कुणाकडे बघितलंस?" तेव्हा तुला हसणाऱ्यांपैकी कुणी असं अर्धं मिनिट जगलंय का, मला शंका आहे.

आता काकू. ही रात्र मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि इथे तुला थोडं रागावणारही आहे.

१५० हा आकडा दिसला की कान टवकारायचे. त्यामागचं कारण समजलं की तो पुन्हा विसरणार नाहीस. फ्लटरमध्ये वीज उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात गोल गोल फिरत राहते, मिनिटाला साधारण ३०० फेऱ्या. कर्णिका आणि खालचा कप्पा, म्हणजे जवनिका, यांच्यामध्ये एव्ही नोड बसलेला असतो. तो एवढे सगळे ठोके खाली जाऊ देत नाही, बहुतेक वेळा एक सोडून एक जाऊ देतो. ३०० चे निम्मे १५०. तीनातला एक गेला तर १००, चारातला एक गेला तर ७५. म्हणून फ्लटरचा रेट ठरलेल्या पायरीवर बसून राहतो.

सायनस असा बसत नाही. पेशंट कुशीवर वळला, सुई टोचली, नातेवाईक आत आले की तो वर जातो. झोप लागली, ताप उतरला की खाली येतो. तू तुझ्या चार्टमध्ये तासातासाला रेट लिहिला असणार. तो काढून बघ. बहुधा १५०, १४९, १५०, १५० असं दिसेल. काकूंना पॅरासिटामॉल दिल्यावर तापाचा आकडा खाली आला असेल आणि रेट हलला नसेल. म्हणजे निदान तुझ्याच अक्षरात तिथे लिहिलेलं होतं. मोठ्या सरांनी सकाळी एक पट्टी बघितली, तुझ्याकडे तर आठ तास होते.

दुसरा हिशेब. ताप एक अंश सेल्सियसनं चढला की ठोके साधारण दहानं वाढतात. १०१ फॅरनहाइट म्हणजे नेहमीपेक्षा सव्वा-दीड अंश जास्त. त्याचे पंधरा ठोके धर. ८० चे ९५ होतील, १५० कसे होणार? आणि काकूंचं वय साठीच्या आसपास असेल तर २२० वजा वय या ढोबळ हिशेबानं त्यांचं हृदय जीव खाऊन पळतानाच १६० च्या घरात जाईल. पलंगावर झोपून १५० म्हणजे काहीतरी निराळं आहे.

पट्टीवर ते कुठे बघायचं? ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी बघतो, त्या बाजूंनाही लीडच म्हणतात; त्यातल्या लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये करवतीच्या दातांसारखी रेघ शोध. अडचण अशी, की दोनातला एकच ठोका खाली जात असताना एक दात क्यूआरएस किंवा त्यानंतरच्या टी वेव्हच्या पोटात लपतो, आणि उरलेला एक अगदी क्यूआरएसच्या आधीच्या लहान पी वेव्हसारखा दिसतो. त्यामुळेच तुला सायनस वाटलं. व्ही वनमध्ये बघ, तिथे तो बरेचदा उघडा पडतो. पट्टी उलटी धरून बघ. वेडेपणा वाटेल, पण खाली जाणारे दात वर आले की डोळ्याला पटकन सापडतात. डॉक्टर अ‍ॅडेनोसिन देतात तेव्हा नोड काही क्षण अडतो आणि मागची सगळी करवत पट्टीवर उमटते. त्या वेळी तुझं काम एकच, पट्टी चालू ठेवणं. ती छापायला विसरलेल्या सिस्टर मी पाहिल्यात. औषध तर गेलं, आणि पुरावा मॉनिटरवरून सरकून गेला.

फ्लटर, आणि त्याची थोरली बहीण एएफ (कर्णिकेचं बेलगाम थरथरणं), यांत कर्णिका नीट आकुंचन पावत नाही. रक्त कोपऱ्यात साचतं, गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. बीपी ठीक असेल तर ही मिनिटांची घाई नाही, पण सकाळपर्यंत न सांगण्याचीही गोष्ट नाही. काकू सुखरूप आहेत असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तरी सांगायला हवं होतं, हे तुला माहीत आहे, म्हणूनच पत्र लिहिलंस.

आता मुद्द्याचं. दोन्ही रात्री तू एकच गोष्ट केलीस. पट्टी बघितल्या बघितल्या तिला नाव दिलंस. एकदा 'व्हीटी', एकदा 'सायनस'. नाव दिल्यावर डोळे बघायचं थांबवतात. तू पट्टीला नाव ठेवलंस आणि लोकांनी तुला नाव ठेवलं, एवढाच काय तो हिशेब. पुस्तकं सगळी नावांच्या धड्यांनी बांधलेली असतात, म्हणून पाठ केलं तरी पट्टीसमोर पुसलं जातं. पट्टीवर नावं छापलेली नसतात. तिच्यावर चौकोन असतात.

तेव्हा चौकोन मोज. छोटा चौकोन एक मिलिमीटर, ०.०४ सेकंद. पाच छोट्यांचा एक मोठा, ०.२ सेकंद. मिनिटात असे ३०० मोठे चौकोन जातात. दोन क्यूआरएसमध्ये दोन मोठे चौकोन, तर १५०. तीन, तर १००. चार, तर ७५. पाच, तर ६०. सहा, तर ५०. हे पाढ्यासारखं पाठ कर. ठोके अनियमित असतील तर ३० मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, त्यातले क्यूआरएस मोज आणि दहानं गुण. पट्टीच्या कडेला २५ छापलंय ना, तेही बघून घे. कुणी मशीनचा वेग ५० करून ठेवला असेल तर सगळंच दुप्पट रुंद दिसेल आणि तुझा रेट निम्माच निघेल.

रेट झाला की ती कागदाची कड पुन्हा लाव: नियमित की अनियमित? मग क्यूआरएसची रुंदी. तीन छोट्या चौकोनांच्या आत असेल तर अरुंद, म्हणजे वीज नेहमीच्या वाटेनं वरून खाली आली. तीन किंवा जास्त, तर रुंद. एकतर ठोका खालून, जवनिकेतून निघालाय, नाहीतर वाट कुठेतरी अडलीय. मग पी शोध. आहे का, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी आहे का, आणि दोघांमधलं अंतर तीन ते पाच छोट्या चौकोनांत बसतं का. एवढंच. नाव यातून निघालं तर ठीक, नाही निघालं तरी ठीक.

कारण फोनवर तुला नाव सांगायचंच नाही. असं सांग: "सर, दोन नंबर, काकू. रेट रात्री अकरापासून १५०, अजिबात हलत नाहीये, ताप उतरला तरी. नियमित, अरुंद, पी नीट दिसत नाहीत. बीपी ११० बाय ७०, शुद्धीवर आहेत, छातीत दुखत नाही, धाप नाही. बारा लीडचा ईसीजी काढून ठेवलाय." यावर कोण हसणार? हे ऐकून जो आरएमओ पुन्हा कूस बदलेल, त्याचं उत्तर सकाळी तो देईल. तू वेळ आणि त्याचं म्हणणं चार्टवर लिहून ठेव.

नाव न येता किती काम होतं याची एक गोष्ट सांगते. २६ जुलै २००५ चा पाऊस तुला आठवायचा नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, गाड्या बंद, रस्ते बंद. दोन दिवसांनी कळव्याचा एक डायलिसिसचा पेशंट आमच्याकडे कसाबसा पोचला. त्याचं डायलिसिस पाण्यामुळे चुकलं होतं. "पायात जीव नाही," एवढंच म्हणत होता. मॉनिटर लावला. माझ्याबरोबरची ज्युनिअर सिस्टर घाबरून म्हणाली, "हे काय आहे, मला ओळखता येत नाहीये." मी म्हटलं, ओळखू नकोस, दिसतं ते सांग. ती डॉक्टरांना म्हणाली, "रेट ४०, पी दिसत नाहीत, क्यूआरएस खूप रुंद, टी तंबूसारखे टोकदार, आणि सर, याचं डायलिसिस चुकलंय." त्या वाक्यात नाव कुठेच नव्हतं, पण डॉक्टरांनी पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम ग्लुकोनेट मागितलं. काही मिनिटांत पट्टीवरचे क्यूआरएस आमच्या डोळ्यांदेखत बारीक होत गेले. कॅल्शियमनं पोटॅशियम उतरत नाही, ते फक्त हृदयाला सांभाळून धरतं. खरा उपाय पुढे डायलिसिसचाच. पण पुढे जायला तो माणूस जिवंत राहिला.

बाकीचे रिदम आता भराभर. एएफमध्ये ठोक्यांना कसलीच लय नसते. विसर्जनाच्या रात्री ठाण्याच्या तलावपाळीवर दोन ढोलपथकं समोरासमोर येऊन एकमेकांवर वाजवायला लागतात ना, तसं. पी नाहीत, तळाची रेघ थरथरती, आणि कागदाची कड कुठेच जुळत नाही. इथे तुझं खास सिस्टरचं काम आहे: एकीनं स्टेथोस्कोपनं छातीवर मोजायचं, दुसरीनं त्याच मिनिटात मनगटावर. छातीवर ११०, मनगटावर ८४ आलं, तर २६ ठोके वाटेतच विरतायत. हे मॉनिटर सांगत नाही. एएफमध्ये बीपीच्या ऑटोमॅटिक मशीनवरही एका आकड्यावर विसंबू नकोस, दोन-तीनदा घे.

मध्येच एखादा रुंद, लवकर आलेला ठोका आणि मग थोडी विश्रांती, हे व्हीपीसी. निरोगी माणसांतही दिसतात. नोंद कर, पोटॅशियमचा रिपोर्ट काढून ठेव, पण एकट्यादुकट्यासाठी मध्यरात्री कुणाला उठवायची गरज नाही. सलग तीन आले की मात्र उठव. आणि दर ठोक्याआड एक येत असेल तर मनगटावर नाडी निम्मीच लागू शकते, 'पल्स ४०' लिहायच्या आधी मॉनिटर बघ.

ब्लॉकमध्ये, म्हणजे वरून खाली येणारी वीज वाटेत अडते त्यात, मुली फार गोंधळतात, म्हणून एक जुनी हकिकत. पीआरचं, म्हणजे पी ते क्यूआरएसचं अंतर थोडं थोडं लांबत जातं आणि मग एक ठोका गळतो, याला वेंकेबाख म्हणतात. त्या डॉक्टरांनी हे १८९९ मध्ये ओळखलं, तेही नाडीच्या ठोक्यांची नोंद काढून. आइंटहोव्हेनचं ईसीजी मशीन तेव्हा यायचंच होतं. (त्या मशीनला पुढे १९२४ चं नोबेल मिळालं, पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरंही आइंटहोव्हेनचीच.) ईसीजीशिवाय, नुसत्या नाडीवरून! हा प्रकार झोपेत तरुण माणसांतही दिसतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. पण पीआर एकसारखं असताना न सांगता ठोका गळाला, तर तो मोबिट्झ टू. त्याचा भरवसा नसतो, केव्हाही पूर्ण ब्लॉक होऊ शकतो, लगेच कळव. पूर्ण ब्लॉकमध्ये पी आपले ८० नं चाललेले, क्यूआरएस ३५ नं, दोघंही नियमित आणि एकमेकांशी संबंध नाही. एका वाड्यात राहून अबोला धरलेल्या दोन भावांसारखे. पेशंटला चक्कर येत असेल, बीपी पडत असेल तर पेसिंगची, म्हणजे बाहेरून वीज देऊन ठोके चालवायची तयारी करूनच फोन कर.

आणि ज्याला कसलाच आकार नाही, नाडी नाही, पेशंट प्रतिसाद देत नाही, तिथे पट्टी वाचत बसायचं नाही. हाक, नाडी, छातीवर हात. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि शॉकची तयारी. सरळ रेघ आली तर दाब चालू ठेवूनच दुसरी लीड आणि वायर तपासायची; सरळ रेघेला शॉक देत नाहीत.

अर्ध्या चुका पट्टी निघायच्या आधीच होतात. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. पण काही मॉनिटर अमेरिकन रंगांचे येतात, त्यात काळी डाव्या हाताची असते, म्हणून रंग बघू नकोस, वायरवरची अक्षरं वाच. हातांच्या वायरी उलट्या झाल्या की लीड वन उलटी पडते आणि एव्हीआर सरळ होते. मी एकदा असा ईसीजी काढला आणि फिजिशियननी हृदय उजवीकडे असल्याची शंका घेऊन एक्सरे मागवला! खरंच उजवीकडे असतं तर व्ही वनपासून व्ही सिक्सकडे जाताना लाटा लहान होत गेल्या असत्या. माझ्या पट्टीत त्या नेहमीसारख्या वाढत होत्या. घामानं सुटलेले इलेक्ट्रोड पुसून पुन्हा तेच लावू नकोस, नवे घे. जेली वाळलेलं जुनं पाकीट फेकून दे. रेघ बारीक केसाळ दिसली तर उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल शोध, नव्वद टक्के वेळा नातेवाइकांचा असतो. (टक्के माझे, मनातले.) आणि बायकांचे ईसीजी काढताना पडदा ओढ. लाजेपोटी घाईघाईत साडीवरून अंदाजानं लावलेल्या लीडनी काढलेले किती तरी चुकीचे ईसीजी मी फाडलेत.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. तपासणीच्या कागदावर मशीननं वरच्या कोपऱ्यात 'अ‍ॅबनॉर्मल' छापलं म्हणून रात्र जागून काढू नका, मशीन घाबरट असतं. तो कागद डॉक्टरांना दाखवा. तरुण मुलामुलींचे ठोके श्वासाबरोबर कमीजास्त होतात, ते नॉर्मल आहे. उलट, ईसीजी नॉर्मल आला म्हणून छातीतलं दुखणं, अचानक शुद्ध हरपणं अंगावर काढू नका. धडधड थांबल्यावर काढलेल्या पट्टीत धडधड सापडत नाही. दुखणं चालू असेल तर १०८ ला फोन.

सिस्टर, आता ओपीडी. मागू नकोस, निदान तीन महिने. तू हुशार आहेस म्हणून नव्हे. ते मला माहीत नाही. काकूंच्या रात्री तू गप्प बसलीस ती ज्ञान कमी होतं म्हणून नाही, हसण्याच्या भीतीनं, आणि ती भीती तुझ्याबरोबर ओपीडीतही येईल. त्या आरएमओंना दिवसाउजेडी गाठ आणि सांग, "सर, तुम्ही हसलात म्हणून मी पुढच्या वेळी उठवलं नाही." हे वाक्य त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं. तरीही 'व्हीटी सिस्टर' म्हणणं थांबलं नाही तर इन्चार्जना लेखी सांग. आणि नवख्या मुलीला रात्री एकटीला आयसीयूचे सगळे बेड देत असतील, तर तो दोष तुझ्या वाचनाचा नाही; सोबत अनुभवी सिस्टर माग.

ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत बसायला मिळालं की स्वतःची नाडी धर. श्वास घेताना किती, सोडताना किती, काही दिवसांत बोटांना कळायला लागेल. ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा घेताना प्रत्येक बेडची एक पट्टी छापून घे, तीच रात्रभराची तुझी मोजपट्टी. अलार्मच्या मर्यादा पेशंटप्रमाणे बदल. सगळ्यांना एकच ठेवल्या की तो इतका कोकलतो की शेवटी कुणी बघत नाही.

आणि एक वही कर. पेशंटचं नाव कापून टाकायचं, फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. पट्टी चिकटवून शेजारी फक्त रेट, नियमित की अनियमित, रुंदी, पी, आणि पेशंट काय करत होता, एवढं लिही. नाव दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून पेन्सिलीनं. पहिल्या पानावर आजोबांची पट्टी हवी, कुणाकडे राहिली असेल तर मिळव. मूळ पट्टी चिकटवू नकोस, झेरॉक्स लाव. थर्मल कागद काही काळानं फिका पडतो आणि मग त्यावर ना व्हीटी उरते, ना दात घासणं.